गोंदियाचा चंद्रकुमार शेठ

"शेठ, येत्या पावसाळ्यात पत्रा टिकत नाई, मी सांगून राहिली," धुरपताबाई अंगणात उभी राहून फोनवर मोठ्यानं म्हणाली. थोडं ऐकून घेतल्यासारखं केलं. "हो... हो. बरं, सांगतो त्याहीले."

फोन कमरेला खोचून ती ओट्यावर येऊन बसली. तिथं रिता लाखोरीची भाजी निवडत होती.

"काय मनते तो कंजूष?"

"पाहतो मनते."

"त्याच्या पलंगावर गळाले पायजे एकदा. मंग समजन."

रिताचा नवरा अमर मोटारसायकलच्या मडगार्डवर बारीक ब्रशनं पोरीचं नाव काढत होता. 'खुशबू'मधला 'श' दरवेळी डावीकडे झुकत होता. पुसून तो पुन्हा काढायचा, पुन्हा झुकायचा. मान न उचलता तो म्हणाला, "एक रात्र वरठीले येऊन झोप मना शेठले. गादी मी देतो, बादली बी मीच देतो."

"लय घट्ट माणूस हाये बाबू," धुरपताबाई हळहळली.

चंद्रकुमार शेठ खरंच घट्ट होता. गोंदियाला राहायचा, कोणाला भेटायचा नाही. भेटणार तरी कसा? तो कधी जन्मलाच नव्हता. नाव तिनं एका लग्नपत्रिकेवरून उचललं होतं. घर तिचं स्वतःचं होतं.

तिचा नवरा, खुशाल, कारखान्यात भट्टीवर होता. त्यानं हौसेनं चार खोल्या बांधल्या आणि गेला. कोपऱ्यातली खोली तिनं स्वतःला ठेवली, तीन भाड्यानं दिल्या. पहिली पाच वर्षं ती मालकीण म्हणून राहिली, आणि करायच्या तेवढ्या चुका तिनं त्याच पाच वर्षांत केल्या. तोंडावर नाही म्हणणं तिला जमायचंच नाही. एकाचा साळा दोन दिवसांसाठी आला आणि होळी करून गेला. एकीनं मोरीत शेळी बांधली. शेळीला मात्र ती नाही म्हणाली. झालं, त्या दिवसापासून ती अंगणात आली की गप्पा थांबत. बाया पदर सावरून आत निघून जात. चार महिने तिच्याशी बोलल्या त्या फक्त स्टेशनातल्या मालगाड्या.

ते भाडेकरू गेले. नऊ वर्षांपूर्वी रिता आणि अमर खोली पाहायला आले, तेव्हा तिच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मी बी भाडेकरूच हाओ. मालक गोंदियाले रायते."

समोरच्या किराणा दुकानातल्या कुंताबाईला तिनं शपथ घातली. कुंताबाईच्या पोटात शेजारणीचं वय राहत नसे, पण ही गोष्ट कशी कोण जाणे राहिली.

तेव्हापासून सुख होतं. नकार शेठ द्यायचा, हळहळायची ती. घराला कुठं काय झालंय हे विचारावंही लागत नसे. सगळे तिच्यासमोर शेठला मनसोक्त शिव्या देत. मालकिणीच्या तोंडावर कोण असं बोललं असतं? शिव्या फारच वाढल्या की तिसऱ्या दिवशी मिस्त्री दारात हजर होई.

"शेठ सुधरला वाटते," रिता म्हणे, आणि मिस्त्रीसोबत धुरपताबाईलाही चहा मिळे.

दुसऱ्या दिवशी ती भावाकडे, नाकाडोंगरीला बारशाला निघाली. जाताना तिनं अमरपुढं फोन धरला. "याच्यात रिचार्ज टाकून दे बा."

अमरनं पाहिलं. "हा तर शुक्रवारीच संपला, मावशी."

शेठला तर तिनं काल, रविवारी सगळ्यांसमोर फोन लावला होता. पण अमरनं तिथल्या तिथं रिचार्ज टाकला, फोन परत दिला आणि किक मारून कामावर निघून गेला. भोळं पोरगं आहे, ती मनाशी म्हणाली.

नाकाडोंगरीत भावाच्या दाराजवळ नवीकोरी पांढरी पाटी होती. घर क्रमांक आणि खाली छापील नाव: मारोतराव.

"ग्रामपंचायतीनं लावली," मारोतराव कौतुकानं म्हणाला. "गावोगाव लावून राहिले. तुमच्या वरठीत बी लागली असन आता."

धुरपताबाईचा घास तोंडातच राहिला. सकाळी उठून तिनं पिशवी भरली.

"कालच तर आली! आता काहून?"

"घर एकटं हाये."

"तीन बिऱ्हाडं हायेत ना तिथं!"

ती पिशवी उचलून निघालीच. एसटीत खिडकीजवळ बसली, पण बाहेर पाहिलं नाही. तिला दिसत होतं ते अंगण: आपण फाटकातून आत जातो, ओट्यावरच्या गप्पा थांबतात, रिता पदर सावरून उठते. नऊ वर्षांनी ती पुन्हा मालकीण होणार होती. तुमसरला गाडी बदलताना तिला वाटलं, इथूनच परत फिरावं.

वरठीत उतरली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरावर पाटी होती. कुंताबाई दुकानात डाळ मोजत होती. तिनं एकदा पाहिलं आणि लगेच तराजूत तोंड घातलं.

धुरपताबाई फाटकापाशी थांबली. खांबावर पाटी होतीच. जवळ जाऊन तिनं वाचलं.

घर क्रमांक २१४. मालक: चंद्रकुमार शेठ, गोंदिया.

तिनं पुन्हा वाचलं. हे कसं झालं ते तिला कळेना. पण शेठ पावला होता! तिला हसूच फुटलं. 'शेठ'मधला 'श' जरा डावीकडे झुकला होता. तिनं मायेनं त्यावरून अंगठा फिरवला.

अंगठा पांढरा झाला. पुसल्या जागी खालून छापील अक्षरं डोकावली: धुरप...

"आल्या का, मावशी?" ओट्यावरून, भाजीतली नजर न उचलता रिता म्हणाली. "बसा, चाय ठेवतो. अन् शेठले सांगजा, रंग ओला हाये, हात नोको लावू."