साच्यातलं ‘नाही’

“हे ‘नाही’ मी लिहिलेलं नाही,” म्हणत सिस्टरनी छापील कागद हॉस्पिटलच्या प्रोग्रामरच्या पुढ्यात आपटला.

‘औषधाची अ‍ॅलर्जी : नाही.’ तेवढं वाचून डॉक्टरांनी सकाळी सातव्या खाटेवरच्या शिंपीकाकांना इंजेक्शन द्यायला सांगितलं. पाच मिनिटांत काका काळेनिळे पडले. अजून ते शुद्धीवर नव्हते, आणि मेट्रनची चौकशी अर्ध्या तासावर आली होती.

“विचारायचं राहून गेलं, हे कबूल. पण खोटं लिहिलं म्हणालात तर ऐकून नाही घेणार.”

प्रोग्रामरने काकांची नोंद उघडली. वय होतं, वजन होतं, मुलीचा फोन नंबर होता. अ‍ॅलर्जीचा पत्ताच नव्हता.

“मग कागदावर आलं कुठून?” सिस्टरनी विचारलं.

“संगणक आधी त्या माणसाच्या स्वतःच्या नोंदीत शोधतो,” तो सावकाश सांगू लागला. “तिथं नाही मिळालं, तर ज्या साच्यावरून सगळ्या पेशंटांच्या नोंदी होतात, त्या साच्यात बघतो. तिथं असेल ते उचलतो. कुठून उचललं, ते मात्र सांगत नाही.”

“म्हणजे नातू घरात नाही म्हणून आजोबांना विचारलं, आणि आजोबांनी दिलं ठोकून!”

“आजोबा म्हणजे मीच. साच्यात ‘नाही’ मी लिहून ठेवलं होतं.”

“अहो, पण का?”

“कुठंच काही सापडलं नाही की प्रोग्राम अडायचा. मग तुमच्या वॉर्डातून फोनवर फोन. एक दिवस वैतागलो. दोन मिनिटांचं काम होतं. तुम्हीच सगळ्यांनी कौतुक केलंत.”



त्याने साच्यातलं ‘नाही’ पुसून ‘विचारलेलं नाही’ असं लिहिलं. वॉर्डाची यादी पुन्हा उघडली. चाळीस खाटांपैकी एकतीस ओळी एका झटक्यात ‘विचारलेलं नाही’ झाल्या.

“मेट्रनना मी सांगतो, चूक माझी,” तो म्हणाला.

“सांगा. आणि म्हणावं, मी जरा उशिरा येते.” सिस्टर दारापर्यंत पोचल्यासुद्धा होत्या. “आधी सगळ्यांना विचारून येते.”

तो पडद्याकडे बघत राहिला. सिस्टर वॉर्डातून भरत गेल्या तशी पहिल्या खाटेची ओळ बदलली : ‘नाही.’ दुसरीची : ‘नाही.’ तिसरीला वेळ लागला. मग तिथं सकाळी शिंपीकाकांना दिलेल्याच औषधाचं नाव उमटलं आणि पुढे एकेक अक्षर येत गेलं : ‘पेशंट लहानपणी मरता मरता वाचलेत. म्हणतात, इथं कुणी विचारलंच नाही.’

मेट्रनकडे जायला त्याने खुर्ची मागे सारली. पण त्याला उठवेना.