अंतरा नसलेलं गाणं

मुखडा संपला तसा मृण्मयीनं सवयीनं हात लांबवून फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. आजचं रील झालं होतं. तबल्यावरच्या दिगंबरकाकांनी मात्र ठेका सोडला नाही.

"अंतरा घे ना," ते म्हणाले.

"अंतरा नाहीये, काका."

"आणि तुझ्या त्या रीलवर गाजलेल्या गाण्याला?"

"त्यालाही नाही. लोक तेवढंच ऐकतात." तिचाच आवाज तिला चिडका वाटला. वर्षभरात तिनं कितीतरी मुखडे केले होते. त्यातलं एकही गाणं मुखड्याच्या पुढे गेलं नव्हतं.

काका वाजवत राहिले. फोन थरथरला. रीलवर कोणीतरी काहीतरी लिहिलं असणार. तिनं तो उचलला, ठेवला, पुन्हा उचलला आणि शेवटी पालथा घातला. पेटीवर बोटं उगाच फिरत होती. काही सुचत नव्हतं, काका थांबत नव्हते, तिला उठून जावंसं वाटत होतं.

मग अंतऱ्याची, वरच्या 'सा'पर्यंत चढत जाणारी एक ओळ आली. तिनं ती गायली, आणि हात आपोआप फोनकडे गेला.

ठेका न सोडता काका म्हणाले, "आधी दुसरी ओळ येऊ दे."