मालकांच्या नावानं

छापखान्यातला सर्व्हर माझ्यासारखाच म्हातारा झालाय, पण मी निदान रोज उठते तरी. त्यातलं बॅकअप उघडलं की लगेच मिटायचं. ह्यांचा आवाज त्या एकाच पेटीत आहे. ती बंद पडायच्या आत तो उतरवून घ्यायचा होता.

दुरुस्तीवाला म्हणाला, "आजी, हे एका वेळी एकालाच उघडता येतं. आत आधीच कुणीतरी आहे. मालकांच्या नावानं लॉगिन करून, याच खोलीतून."

"मालक जाऊन तीन वर्षं झाली, शहाण्या."

"मग काढू त्यांना बाहेर?"

"काढ की. विचारतोस काय?"

त्यानं बटण दाबलं. बॅकअप गुमान चालू झालं.

आमच्या मागे ह्यांची रिकामी खुर्ची करकरली, ते उठताना करकरायची तश्शी. मग चपलांचा आवाज दाराकडे गेला.

"अरे मेल्या," मी ओरडले, "परत बसव त्यांना!"