शेवटच्या घराची हाक

खांद्यावर व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी टाकून तुळशीराम सकाळच्या धुक्यात गल्लीच्या टोकाला येऊन उभा राहिला. नगरपालिकेचं पाणी सव्वीस वर्षं तोच सोडायचा, पण शेवटच्या घरातून हौसाबाईंची "भरलं हो!" अशी हाक आल्याशिवाय त्यानं व्हॉल्व्ह कधी बंद केला नव्हता.

चाळीतलं ते घर आता नव्हतं. पालिकेनं ठराव केला, चाळ पडली, तिथं सात मजले चढले आणि चाळीतल्यांना त्यातच घरं मिळाली. टेकडीवर नवी टाकी झाली, कालपासून गावाला चोवीस तास पाणी सुरू झालं. व्हॉल्व्ह आता बंद करायचाच नव्हता.

तरी पाय निघेनात. धुक्यात इमारत तरंगत होती. जमिनीखालून पाणी गुणगुणत चाललं होतं, आणि आपण स्वप्नात उभे आहोत, हाक आली की जाग येईल, असं त्याला वाटत होतं.

चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडली. हौसाबाईंना खाली चावी घेतलेला माणूस दिसला. क्षणभर त्या घुटमळल्या, मग जुन्याच आवाजात ओरडल्या, "भरलं हो तुळशीरामभाऊ! करा बंद!"

तुळशीरामनं हवेतच चावी दोन फेरे फिरवून घट्ट आवळली आणि घरची वाट धरली.