दाराचा मूळ रंग

जुन्या बाजारपेठेचं रूप पालटायचं ठरलं, तेव्हा प्रत्येक दुकानाला त्याचा मूळ रंग परत द्यायचा, असा आर्किटेक्टबाईंचा हट्ट होता. म्हणून भर दुपारी त्या शिंपीकाकांच्या रिकाम्या दुकानात शिरल्या, तिथलं एकुलतं एक दार आतून लोटलं आणि पातं घेऊन ते खरवडायला बसल्या.

"भोक पाडू नका म्हणजे मिळवली," काका बाहेरून म्हणाले.

"उलट तुमचं दार तरुण होणार आहे, काका."

कडेला सगळे थर एकदम दिसतात, म्हणून बाईंनी पातं कडेला नेलं. तिथे फट नव्हती. हिरवा रंग दारावरून थेट चौकटीवर गेला होता. त्यांनी तो खरवडला. खालचा निळाही तसाच सलग होता, त्याखालचा पिवळाही, आणि कुठे साधा तडासुद्धा नव्हता.

याच दारातून त्या दहा मिनिटांपूर्वी आत आल्या होत्या.

"काका, जरा ढकला बरं."

बाहेर रंगारी विचारत होता, "हेपण रंगवायचं का?"

"रंगव की," काका म्हणाले. "आमच्या आजोबांनीसुद्धा हे दार कधी उघडं पाहिलेलं नाही."

बाईंनी दोन्ही हातांनी दार बडवलं. पलीकडून ब्रश फिरू लागला, सावकाश, वरपासून खालपर्यंत.