बोटीवरचा उखाणा

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी रशियातल्या बोटीच्या सहलीची दोघांची तिकिटं घरी आली. "रद्द करूया, बाबा," मुलगी म्हणाली.

"मी जाणार. तिला शब्द दिलाय," भालचंद्रराव म्हणाले.

लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा ते गच्चीवर पळाले होते. "आधी तुम्ही, मगच मी," म्हणत तीही जन्मभर अडून बसली. रशियाचं ठरलं तेव्हा कुठे तह झाला: परमुलखात लाज कसली, दोघांनी बोटीवर घ्यायचा.

व्होल्गेवर जेवणं उरकली आणि सहलीतल्या बायकांचे उखाणे रंगले. भालचंद्रराव उठले, तशी एकजण घाईघाईनं म्हणाली, "काका, तुम्ही नाही घेतलात तरी चालेल हं."

"का? बायको माझीच आहे ना?"

त्यांनी खणखणीत आवाजात घेतला:

"व्होल्गा नदीवर बोट चालली डौलात,
कुमुदचं नाव घेतो जेवणाच्या हॉलात."

जेवण वाढणाऱ्या रशियन मुलीनं काही न कळूनही पहिली टाळी वाजवली. मग सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला.

भालचंद्रराव खाली बसले. त्यांचा उखाणा घेऊन झाला होता. कुमुदचा राहिला.