चौकोनी घडी

देवकीने विळीवर पार्सलची शिवण उसवली आणि आतले कपडे बाहेर काढले. शरदचाच सदरा, शरदचाच पायजमा, शरदचीच काळी टोपी. तीन आठवड्यांपूर्वी नागपूरहून कराचीला निघताना पोराच्या अंगावर हेच होते.

“त्याचे कपडे इथं काहून आले?” तिने विचारले.

सदर भागातल्या कचेरीतून येता येता मारोतरावांनी पोस्टातून पार्सल सोडवून आणले होते. कोट काढत ते म्हणाले, “अवं, आरमारात भरती झाला तो. तिथं सरकारी कपडे भेटते. घरचे वापस पाठवते. तसं लिवलं हाये चिठ्ठीत.”

“चिठ्ठीत सात ओळी हायेत. तुमी एकच सांगितली.”

देवकीला वाचता येत नव्हते, पण मोजता येत होते. इंग्रजी छापील कागद होता, त्यात ‘शरच्चंद्र मारोतराव’ एवढे नाव शाईने भरलेले. मारोतरावांनी कागद पुन्हा हातात घेतला, चष्मा पुसला आणि तेच वाक्य जरा सावकाश सांगितले. देवकीच्या मनात पाल चुकचुकली. नवरा काही खोटारडा नव्हता. पण भरतीच्या कागदावर बाप म्हणून सही करून येईपर्यंत त्याने घरात ब्र काढला नव्हता. तेव्हापासून तो बोलला तरी तिला शंका यायची आणि गप्प बसला तरी यायची.

मधे शरदचे एक कार्ड आले होते. ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी.’ बस्स. तेही मारोतरावांनीच वाचून दाखवलेले. जो पोरगा मामाकडे चार दिवस राहिला तरी तिथल्या भाजीत मीठ किती होते ते कळवायचा, तो परमुलखातून एवढेच लिहील?

तिने सदरा उचलला. बाह्या आत, कॉलर बरोबर मधोमध, सगळा वीतभर चौकोन, विटेसारखा. पायजम्याचाही तेवढाच चौकोन. आणि शरदने तर जन्मात कपड्याची घडी घातली नव्हती! सदरा काढला की खाटेवर भिरकवायचा. पायजमा जिथे उतरवला तिथेच दोन वेटोळी करून पडलेला.

“हे त्याच्या हातचं नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणीतरी घडी घातली. आपल्या कपड्याची घडी दुसरा माणूस कवा घालते, सांगा.”

“काहीबाही बोलू नको.”

“आळीतल्या जयवंताबाईले दवाखान्यातून नवऱ्याचे कपडे अस्सेच देले होते. आधी कपडे देले. माणूस मंग दाखवला.”

खुंटीला लावायचा कोट मारोतरावांच्या हातातच राहिला होता. तेही आता त्या कागदाकडे पुन्हा पुन्हा पाहत होते, आणि देवकीला ते दिसले. नवऱ्यालाही खात्री नाही, हे तिला कळले.

तेवढ्यात शेजारचे शालिकराम आले. म्हातारे पेन्शनीतले शिपाई, मागच्या जर्मन लढाईत पार इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. रोज संध्याकाळी ते मारोतरावांकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचे. दारातूनच त्यांनी दोघांची तोंडे पाहिली.

“काय झालं गा?”

देवकीने सदरा पुढे केला. “भाऊजी, तुमी तरी खरं सांगा. मेलेल्याचे कपडे असे पाठवते का?”

शालिकरामांनी सदरा उलटासुलटा करून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला. मग दोरीवरचा मारोतरावांचा धुतलेला सदरा ओढला, खाटेवर पसरला आणि चार झटक्यांत त्याचा चौकोन करून पहिल्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही घड्या हुबेहूब.

“पोरगं जित्तं हाये वहिनी. ही घडी त्याच्याच हातची,” म्हातारे म्हणाले. “मेलेल्याच्या कपड्याचं आमी गाठोडं बांधत होतो. घडी घालाले फुरसत कोणाले होती? भरती झाल्यावर पयल्या हप्त्यात हेच शिकवते. पंचवीस वर्षं झाली, मले दुसरी घडी येतच नाही.”

देवकी खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मारोतरावांचाही जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर त्यांना कंठ फुटला.

“पाह्यलं? सतरा वर्षं तू त्याच्या मागं लागली होती, घडी घाल, घडी घाल. एक घडी नाही घातली त्यानं. तिथं तीन हप्त्यात शिकला! पोरगं सुधरून राहिलं आपलं.”

देवकीने डोळे पुसले. नवऱ्याकडे पाहिले, मग शालिकरामांकडे.

“भाऊजी, तुमाले ही घडी कोणी शिकवली?”

“हवालदारानं.”

“कशी शिकवली?”

शालिकराम हसले. हात मात्र आपसूक डाव्या कानाकडे गेला. त्या कानाने म्हाताऱ्याला ऐकू येत नाही हे सगळ्या आळीला माहीत होते. कशामुळे, ते आजवर कोणी विचारले नव्हते.

मारोतराव कोट खुंटीला लावायला वळले.

“सतरा वर्षांत,” देवकी त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणाली, “मी त्याले बोट नाही लावलं.”

तिने शरदचा सदरा मांडीवर घेतला, घडी मोडली, आणि पाठीवर उमटलेली रेघ तळव्याने हळूहळू चोळत राहिली.